हा पदार्थ तैवानचा का

तैवानमधल्या बहुतेक नूडलच्या दुकानांत दाराशी किंवा गल्ल्याजवळ एक काचेचे कपाट असते. त्यात आधीच करून ठेवलेल्या थंड पदार्थांच्या लहान ताटल्या मांडलेल्या असतात. सोया सॉसमध्ये शिजवलेले समुद्री शेवाळ, लसूण चोळलेली काकडी, डुकराच्या कानाच्या पातळ चकत्या, शेंगदाण्यांबरोबर परतलेली बारीक सुकी मासळी असे काय काय त्यात असते. गिऱ्हाइकाने हवी ती ताटली स्वतः उचलून मेजावर न्यायची, हिशेब शेवटी होतो. या ताटल्यांना तिकडे श्याओत्साय म्हणतात. त्यांत एक ताटली सहसा चुकत नाही. पांढऱ्या, मऊ टोफूची एक वडी, तिच्यावर काळपट हिरव्या अंड्याच्या फोडी, वरून दाट सोया सॉसची धार, कांद्याची पात आणि बहुतेक वेळा सुक्या माशाचे कागदासारखे पातळ पापुद्रे. हा पीदान टोफू. पुढच्या पानांत अशाच छोट्या ताटल्यांची ओळख आहे, आणि तिची सुरुवात या ताटलीपासून करण्यामागे एक विचार आहे. पीदान टोफूतला जवळजवळ प्रत्येक घटक बाहेरून तैवानात आला. तरीही हा पदार्थ तैवानचा आहे, आणि तो उसना नाही, पूर्णपणे तिथला आहे, असे माझे म्हणणे आहे. एखादा पदार्थ कोणाचा, हे त्यातले जिन्नस कुठे जन्मले यावर ठरत नाही. ते कोणी एकत्र आणले, कोणत्या गरजेपोटी आणले आणि रोजच्या जेवणात त्यांना कोणती जागा दिली, यावर ते ठरते. हे म्हणणे सिद्ध करायचे तर ताटलीतला एकेक जिन्नस वेगळा काढून पाहावा लागेल.

पहिले अंडे, कारण नवख्या वाचकाची अडचण तिथेच असते. पीदान हे बहुधा बदकाचे अंडे. जुन्या पद्धतीत कळीचा चुना, लाकडाची राख, मीठ, चहाचे पाणी आणि चिकणमाती यांचा लगदा कच्च्या अंड्यावर थापत, अंडी एकमेकांना चिकटू नयेत म्हणून ती भाताच्या तुसात घोळवत आणि रांजणात ठेवून देत. चुना आणि राख ओलाव्यात एकत्र आली की दाहक अल्कली तयार होते. आजचे कारखाने तेच काम कॉस्टिक सोडा आणि मिठाच्या पाण्यात अंडी बुडवून करतात. अल्कली कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून आत झिरपते, पांढऱ्यातल्या प्रथिनांची घडी उलगडते, ती एकमेकांत गुंततात, आणि विस्तवाचा स्पर्श न होता पांढऱ्याची चहाच्या रंगाची अर्धपारदर्शक जेली होते. प्रथिनांतल्या गंधकापासून हायड्रोजन सल्फाइड सुटतो, तो बलकातल्या लोहाशी संयोग पावतो आणि बलक काळपट हिरवा होतो. जास्त वेळ उकडलेल्या साध्या अंड्याच्या बलकाभोवती जी हिरवट कड दिसते, तिचे कारणही हेच. कधी कधी जेलीवर स्फटिकांची नाजूक नक्षी उमटते आणि जाणकार ती चांगल्या अंड्याची खूण मानतात. या सगळ्याला काही आठवडे लागतात. हे अंडे शंभर वर्षे किंवा हजार वर्षे पुरून ठेवतात ही इंग्रजीतून पसरलेली समजूत निराधार आहे. उलट वेळेवर थांबणे हीच यातली खरी कारागिरी. अल्कलीचा अंमल मर्यादेबाहेर चालू राहिला तर गोठलेला पांढरा पुन्हा पातळ होतो आणि अंडे वाया जाते.

इथेच पहिला आक्षेप येतो. हे तर सडलेले अंडे, त्याचे कौतुक कसले? २०११ साली सीएनएनच्या संकेतस्थळावर पीदानला किळसवाण्या खाद्यपदार्थांत अग्रस्थान देण्यात आले, तेव्हा चीनमधल्या उत्पादकांनी जाहीर निषेध केला आणि सीएनएनला दिलगिरी व्यक्त करावी लागली. आक्षेपाचे उत्तर मात्र दिलगिरीत नाही, रसायनशास्त्रात आहे. सडणे म्हणजे जिवाणूंनी प्रथिनांचा ताबा घेणे. पीदानमध्ये अल्कलीचे प्रमाण इतके असते की बहुतेक जिवाणूंना तिथे वाढताच येत नाही. म्हणूनच तर शीतपेटी नसलेल्या काळात ही अंडी टिकत होती. त्यांना अमोनियाचा दर्प असतो हे खरे, आणि तो लपवण्याचेही कारण नाही. पण दर्प आणि कुजणे या एकच गोष्टी नव्हेत, हे सुके बोंबील खाणाऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाही. शिशाबद्दलचा आक्षेप मात्र मी गंभीर मानतो. अल्कलीचा वेग आवरावा आणि पांढरा पुन्हा पातळ होऊ नये म्हणून पूर्वी मिश्रणात शिशाचे ऑक्साइड घालत. त्याचे कण कवचाची छिद्रे बुजवत आणि अल्कली हळू आत जाई. शिसे शरीरात साठते आणि लहान मुलांच्या मेंदूला विशेष घातक ठरते, त्यामुळे या बाबतीत परंपरेची बाजू घेता येत नाही. पुढे शिशाची जागा जस्त, तांबे आणि लोह यांच्या संयुगांनी घेतली. पीदानमध्ये शिसे आणि तांबे किती असावे यावर तैवानात कायद्याने मर्यादा आहे. पदार्थ तोच राहिला, घातक भाग वगळला गेला. परंपरा टिकवणे म्हणजे काय, याचे हे मला पटणारे उदाहरण आहे.

टोफूची कथा आणखी जुनी. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातला ह्वायनानचा राजा ल्यू आन हा टोफूचा जनक, अशी चीनमध्ये लोककथा आहे. लिखित पुरावा मात्र बराच नंतरचा, दहाव्या शतकातल्या ताओ कू याच्या ग्रंथातला. सतराव्या शतकापासून फूच्येन प्रांतातून समुद्र ओलांडून आलेल्या लोकांबरोबर सोयाबीनचे खाणे तैवानात पोहोचले. पण पीदानखाली जी वडी असते ती त्या जुन्या, फडक्यात दाबून पाणी काढलेल्या टोफूची नसते. ती बहुधा डब्यातल्या रेशमी टोफूची असते. सोयाबीनचे गार दूध आणि ग्लुकोनो डेल्टा लॅक्टोन नावाचा पदार्थ एकत्र करून डब्यात भरतात, डबा बंद करून तापवतात, आणि उष्णतेने त्या पदार्थाचे हळूहळू आम्ल होऊन दूध डब्यातच गोठते. ते कधी दाबले जात नाही, त्यातले पाणी काढले जात नाही, म्हणून त्याला छिद्रे नसतात आणि चमच्याने ते दह्यासारखे कापले जाते. म्हणजे या ताटलीत अल्कलीने गोठलेले एक प्रथिन आम्लाने गोठलेल्या दुसऱ्या प्रथिनावर बसलेले असते, आणि दोन्ही जवळजवळ सारखीच मऊ असतात. टोफूला स्वतःची चव फारशी नसते, आणि तेच त्याचे काम आहे. बलकाचा साईसारखा जडपणा आणि अमोनियाचा तिखट दर्प टोफूच्या थंड, सौम्य ओलाव्यात पसरतो आणि सुसह्य होतो. टोफू नसता तर पीदान हे धाडसी खवय्यांचेच खाणे राहिले असते. टोफूमुळे ते कोणालाही खाता येते.

इथे मराठी वाचकाच्या मनात एक प्रश्न उभा राहायला हवा. तैवानला लागणारे जवळजवळ सगळे सोयाबीन बाहेरून येते, मुख्यतः अमेरिका आणि ब्राझील या देशांतून. त्याउलट महाराष्ट्रात लाखो हेक्टरांवर सोयाबीन उभे असते, लातूरच्या बाजारातला त्याचा भाव मराठवाड्याचे वर्ष ठरवतो, आणि त्यातले बहुतेक तेलाच्या गिरणीत आणि पेंडीच्या रूपाने पशुखाद्यात जाते. जिथे पीक नाही तिथे टोफू गल्लीगल्लीत मिळतो, जिथे पीक आहे तिथे तो मोठ्या शहरांतल्या निवडक दुकानांत शोधावा लागतो. पदार्थाची मालकी शेतावरून ठरवायची असेल तर टोफू अमेरिकेतल्या आयोवाचा किंवा आपल्या लातूरजवळच्या औशाचा म्हणावा लागेल. तसे कोणी म्हणत नाही, आणि त्यात काही चूकही नाही.

आता माशाचे पापुद्रे. हे कात्सुओबुशी. कुप्याच्या जातीचा एक मासा उकळून, काटे काढून, धुरावर पुन्हा पुन्हा वाळवून लाकडासारखा कडक करतात आणि रंध्यासारख्या पात्यावर तासतात. गार टोफूवर हे पापुद्रे, आले, पात आणि सोया सॉस घालून खाणे ही जपानची घरगुती रीत, तिचे नाव हियायाक्को. जपान्यांना टोफूचे केवढे वेड, याचा अंदाज ओसाकात १७८२ साली निघालेल्या, टोफूच्या शंभर पाककृती देणाऱ्या पुस्तकावरून येतो. १८९५ ते १९४५ अशी पन्नास वर्षे तैवान जपानच्या ताब्यात होते. बेटाच्या पूर्व किनाऱ्याजवळून कुरोशियो हा उष्ण प्रवाह वाहतो, त्याबरोबर हा मासा येतो, आणि जपानी अमलात तो वाळवणारे कारखाने तैवानात उभे राहिले. ह्वालियेनजवळच्या छीशिंगथान किनाऱ्यावर कात्सुओबुशीच्या एका जुन्या कारखान्याचे आज संग्रहालय झाले आहे. पापुद्रे केवळ शोभेसाठी वर टाकतात असे कोणाला वाटेल, म्हणून त्यांचे काम सांगायला हवे. किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १९०८ मध्ये समुद्री शेवाळातून ग्लुटामेट वेगळे करून त्या चवीला उमामी हे नाव दिले. १९१३ मध्ये शिंतारो कोदामाने कात्सुओबुशीत इनोसिनेट हा तशाच चवीचा दुसरा घटक शोधला. हे दोन एकत्र आले की चव नुसत्या बेरजेपेक्षा कितीतरी पटींनी वाढते, हे पुढे अकिरा कुनिनाका यांनी दाखवून दिले. सोया सॉसमध्ये ग्लुटामेट, पापुद्र्यांत इनोसिनेट. बेचव टोफूला भरीव चव कशी येते, याचे उत्तर त्या दोघांच्या भेटीत आहे. तैवानच्या स्वयंपाकघरात ही भेट कोणी प्रयोगशाळेतून आणली नाही. जपानी सवय लोकांच्या जिभेवर उरली होती आणि ती नव्या अंड्यावर जाऊन बसली.

सोया सॉस मात्र ताटलीतला सगळ्यात तैवानी जिन्नस आहे, आणि दुर्दैवाने परदेशी पाककृतींत तोच सर्वांत आधी बदलला जातो. इथे लागतो तो पातळ सॉस नव्हे. तांदळाच्या पिठीने दाट केलेला, किंचित गोडसर असा हा सॉस, ज्याला तिथे च्यांगयौकाओ म्हणतात. मध्य तैवानमधल्या यूनलिन जिल्ह्यातले शीलो हे गाव सॉससाठी प्रसिद्ध आहे. तिथे काळ्या सोयाबीनवर बुरशी चढवून, मीठ घालून, ते मातीच्या रांजणांत काही महिने उन्हात मुरवतात. जपानी आणि चिनी सॉसमध्ये सोयाबीनबरोबर बहुधा गहू असतो, या जुन्या तैवानी पद्धतीत तो नसतो. दाटपणाला इथे व्यावहारिक अर्थ आहे. रेशमी टोफू गुळगुळीत, अंड्याची जेली त्याहून गुळगुळीत. पातळ सॉस दोन्हींवरून ओघळून ताटलीच्या तळाशी जाईल. दाट सॉस फोडींना धरून राहतो आणि प्रत्येक घासाबरोबर वर येतो. त्याचा गोडवा अमोनियाची धार बोथट करतो.

हे सगळे जिन्नस बेटावर होते म्हणून पदार्थ झाला, असे मात्र नाही. त्यांना एका ताटलीत आणणारी परिस्थिती वेगळीच होती. १९४९ मध्ये चीनमधले गृहयुद्ध हरलेले च्यांग कै-शेक यांचे सरकार तैवानात आले आणि त्याच्या आगेमागे सैनिक, कर्मचारी व त्यांची कुटुंबे मिळून दहा लाखांहून अधिक माणसे आली. ती चीनच्या सगळ्या प्रांतांतली होती. शांघाय आणि यांगत्झेच्या मुखाकडच्या प्रदेशातल्या लोकांना थंड टोफूवर पीदान घालून खाण्याची सवय होती. त्याच सुमाराला, १९५१ ते १९६५ या काळात, अमेरिकी मदतीतून तैवानात मोठ्या प्रमाणावर गहू आणि सोयाबीन येत होते. भात खाणाऱ्या बेटावर गव्हाचे पीठ स्वस्त झाले. पेन्शन नाही, जमीन नाही, नातेवाईक समुद्रापार, अशा अनेक निवृत्त सैनिकांनी नूडलची गाडी टाकली. महाराष्ट्रात पीएल-४८० या अमेरिकी योजनेतल्या धान्याची आठवण असणाऱ्या पिढीला यातली निकड समजेल. अशा गाडीवर शेगडी एकच असते आणि तिच्यावर नूडलचे पाणी उकळत असते. दुसरा पदार्थ द्यायचा तर तो विस्तव न मागणारा हवा, आधी करून ठेवता येणारा हवा, आणि गरम, स्निग्ध सुपाच्या वाडग्याशेजारी गार लागणारा हवा. पीदान टोफू या तिन्ही अटींत बसतो. पुढच्या दशकांत शीतकपाटे सर्वत्र पोहोचली, डब्यातला टोफू आला, आणि आज दिसते त्या रूपात ही ताटली पक्की झाली. अंडी देणारी बदके तर बेटावर होतीच. तैवानची देशी तपकिरी त्सायया बदक आकाराने लहान पण अंड्यांना भरघोस, आणि यीलान, यूनलिन, फिंगतुंग या भागांत बदकपालन जुनेच. पदार्थात रांधणे नाही म्हणून तो क्षुल्लक, असे म्हणणाऱ्याने हे लक्षात घ्यावे. रांधण्याचे कष्ट इथे बदकवाला, अंडी मुरवणारा, टोफूवाला, सॉसवाला आणि मच्छीमार यांनी आधीच वाटून घेतलेले आहेत.

यावर सर्वांत जोरकस आक्षेप असा की टोफूवर पीदान शांघायमध्येही खातात, मग हा पदार्थ चीनचाच, तैवानने फक्त नक्कल केली. आक्षेपातली वस्तुस्थिती मला मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. चीनमध्ये अनेक ठिकाणी अंडे आणि टोफू दोन्ही चिरून एकत्र करतात, त्यांवर पातळ सॉस, व्हिनेगर, मिरचीचे तेल घालतात. तिथे आंबट-तिखटाने दर्पाला उत्तर दिले जाते. तैवानच्या ताटलीत ते उत्तर गोडसर दाटपणा आणि माशाची धुरकट चव देतात. दोन्हींचे मूळ एक असेल, पण जीभ डोळे मिटूनही त्या वेगळ्या ओळखते. आणि घटकांच्या जन्मस्थानावरूनच निवाडा करायचा असेल तर तो सगळ्यांना लागू करावा लागेल. आपली साबुदाण्याची खिचडी घ्या. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, बटाटा, शेंगदाणा आणि मिरची ही चारही दक्षिण अमेरिका आणि तिच्या आसपासची, पोर्तुगीजांच्या काळात आणि त्यानंतर भारतात आलेली. तरी एकादशीला ती करणाऱ्या घराला कोणी ब्राझीलचे खाणे करता असे म्हणत नाही. कारण उपवासाचा नियम इथला, दाण्याचे कूट इथले, आणि जिरे-तुपाच्या फोडणीत त्या चौघांना एकत्र आणणारी गरज इथली. पीदान टोफूलाही तोच न्याय हवा.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो आणि तो मला अधिक अस्वस्थ करतो. माशाचे पापुद्रे परक्या सत्तेबरोबर आले, अंड्याची सवय हुकूमशाही सरकारबरोबर आलेल्या लोकांची. फेब्रुवारी १९४७ मध्ये सुरू झालेल्या तैवानी जनतेच्या उठावावर बंदुका चालल्या, हजारो माणसे मारली गेली, आणि १९४९ पासून १९८७ पर्यंत बेटावर मार्शल लॉ होता. मग या ताटलीला सलोख्याचे प्रतीक म्हणणे हा त्या लोकांचा अपमान नाही का? आहे. म्हणूनच मी तिला सलोख्याचे प्रतीक म्हणत नाही. एकत्र खाल्ल्याने अन्याय पुसला जात नाही. माझा दावा याहून मर्यादित आहे, आणि म्हणूनच तो टिकतो. सत्ता कोणत्या गोष्टी बेटावर आणेल हे तिथल्या लोकांच्या हाती नव्हते. आणलेल्या गोष्टींतले काय ठेवायचे, कशावर काय घालायचे, हे मात्र नूडलवाले आणि त्यांची गिऱ्हाइके ठरवत गेली, आणि त्यांनी ठरवलेले सत्ता बदलल्यावरही टिकले. जपानी गेले, पापुद्रे राहिले. शीलोचा सॉस जपानी काळात होता, च्यांगच्या काळात होता, आजही आहे. पदार्थ लोकांचा असतो याचा यापेक्षा ठोस पुरावा मला माहीत नाही.

परंपरेबद्दलचा आक्षेप थोडक्यात आटोपता येईल. डब्यातला टोफू आणि शीतकपाट यांवर उभा असलेला पदार्थ पारंपरिक कसा? आजचे रूप काही दशकांचेच आहे हे मान्य करावे. पण परंपरा हे वयाचे प्रमाणपत्र नाही. एका पिढीने न शिकवता दुसरी पिढी तेच करू लागली, न विचारता तीच ताटली उचलू लागली, की परंपरा सुरू झालेली असते. कोणी पापुद्र्यांऐवजी डुकराच्या सुक्या मांसाचा भुगा घालतो, कोणी लसूण, कोणी कोथिंबीर. त्याने काही बिघडत नाही. दाट सॉस काढला तर मात्र माझ्या मते पदार्थ बदलतो.

आता वाचकाला चार शब्द. पुढची पाने केवळ वाचण्यासाठी नाहीत. भारतात किंवा परदेशात पूर्व आशियाई किराणा दुकानातून पीदान घेणार असाल तर शिसेमुक्त असल्याचे लिहिलेलेच घ्या, आणि लहान मुलांना किंवा गरोदर स्त्रीला देण्यापूर्वी याबाबत दुप्पट खात्री करा. अंडे सोलून थोडा वेळ उघडे ठेवा, म्हणजे दर्प उडतो. सुरीला बलक चिकटतो, म्हणून फोडी दोऱ्याने करा. टोफू डब्यातून काढल्यावर दहा मिनिटे तिरप्या ताटलीत ठेवून पाणी निथळू द्या, नाहीतर सॉस पातळ होईल. सॉस आधी, तिळाच्या तेलाचे थेंब नंतर, पात आणि पापुद्रे अगदी शेवटी. आणि पहिला घास नुसत्या अंड्याचा घेऊ नका. अंडे, टोफू आणि सॉस एकाच चमच्यात घ्या. नुसते अंडे चाखून या पदार्थाबद्दल मत बनवणाऱ्याने तो खाल्लेलाच नसतो.